होकायंत्राजवळची देवी

फेब्रुवारी आला की माझ्या बोटांना लोखंडाचा वास येऊ लागतो. दहावीची प्रात्यक्षिकं तोंडावर आलेली असतात आणि बोईसरच्या आमच्या शाळेतलं प्रयोगशाळेचं कपाट वर्षभराच्या झोपेतून उठवावं लागतं. पट्टीचुंबक, तांब्याच्या तारेची वेटोळी, पाझरलेले सेल, बटणाएवढ्या चुंबकसूच्या आणि डबीतला लोहकीस. हा लोहकीस कितीही जपून ओता, नखांत शिरतोच. संध्याकाळी भात कालवताना तो वास येतो आणि नवरा म्हणतो, "आली तुमची परीक्षा." मी हसते. पण उठून हात पुन्हा एकदा धुऊन येते.

आमची मुलं बहुतेक कुंभवलीकडची, कारखान्यांत कामाला असलेल्यांची. कुणाचं गाव साताऱ्याकडे, कुणाचं जळगावकडे, कुणाचं पार उत्तर प्रदेशात. परवा त्यांतल्या एकीने तारेला सेल जोडला. तारेखालची सूची गर्रकन वळली आणि पोरगी हात मागे घेऊन ओरडली, "मॅडम, मैंने छुआ भी नहीं!" वर्ग खो खो हसला. मी मात्र तिचा चेहरा बघत राहिले. भूत बघितल्यासारखे डोळे झाले होते तिचे, आणि माझ्या मते ह्या प्रयोगाला डोळे असेच व्हायला हवेत.

पुस्तकाच्या भाषेचा मला मनापासून राग येतो. "विद्युतधारा वाहणाऱ्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते." बस्स. पूर्णविराम, पुढचा मुद्दा. अरे, हे लिहिणारा माणूस खुर्चीवरून पडला कसा नाही? तार इथे, सूची तिथे, मध्ये नुसती हवा. दोरी नाही, दांडा नाही, कुणी फुंकरही मारलेली नाही, आणि तरी लोखंडाचा तुकडा मान वळवतो. आणि उलटं केलं तरी तेच. वेटोळ्यात चुंबक हलवा, सेल नसतानाही तारेतून वीज वाहते. समुद्रकाठच्या आमच्या वीजकेंद्राचं नाव अणूचं, दरारा अणूचा. पण शेवटी तिथेही वाफेने चाक फिरतं आणि चुंबक वेटोळ्यांत फिरतो. तारापूरहून निघालेल्या तारा चिकूच्या वाड्यांवरून, मिठागरांवरून, शेतांवरून जातात, त्यांच्याखाली बायका भाजी खुडत असतात, आणि कुणी वर बघत नाही. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी आठवडाभर त्या तारांखालून मान खाली घालून पळत गेले होते.

पण खरा धक्का तो नव्हे. खरा धक्का दांडीतला.

दांडी हे माझं माहेर, तारापूरच्या किनाऱ्यावरचं कोळ्यांचं गाव. तिथला फेब्रुवारी म्हणजे धुकं. बोंबील सुकवायला बांबू आडवे बांधलेले असतात, त्यांना आम्ही वलांडी म्हणतो. सकाळी त्या वलांड्यांची एक रांग दिसायची, मागची दिसायची नाही. टांगलेल्या बोंबलांतून थेंब टपकत असायचे. समुद्राचा आवाज यायचा, पण समुद्र कुठे आहे ते दाखवता यायचं नाही. आंब्याला मोहोर आलेला असायचा आणि तो गोडसर वास बोंबलांच्या वासात मिसळून जो काही तिसराच वास व्हायचा, तो मला आजही कुठे भेटला तर मी दहावीत जाते. फेब्रुवारीतली फेरी म्हणजे होळीच्या आधीची शेवटची मोठी. होळीला एकजात सगळ्या बोटी घरी यायच्या, म्हणून गावातल्या बायका धुक्याला शिव्या घालत आणि होळीसाठी साड्या बघून ठेवत.

माझे बाबा तांडेल होते, म्हणजे बोट त्यांच्या हुकमावर चाले. केबिनमध्ये सुकाणूच्या समोर होकायंत्र होतं. गावात त्याला नुसतं होका म्हणतात. पितळेची डबी, वर जाड काच, आत काटा. जीपीएस आल्यापासून त्याच्याकडे कुणी फारसं बघत नसे. घरातल्या थोरल्या आजोबांसारखं ते आपलं बसून असायचं. आणि केबिनमध्ये देवीची तसबीर होती. ती मात्र कधी जागेवर बसायची नाही. जरा लाटा उसळल्या की खाली. काच दोनदा फुटली. सुतळीने बांधली, खिळ्याने ठोकली, तरी दर फेरीला देवी तोंडावर पडायची आणि घरी ते ऐकून आईच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

आई बोईसरच्या बाजारात मासे विकते. पाट्या घेऊन रिक्षातून जायची. एके दिवशी घरी आली ती पाटी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली. "त्या रिक्षावाल्याची देवी बघितलीस काय? एवडे खड्डे, माजी पाटी पडली, पन देवी हलली नाय! बुडाला चुंबक हाय तिच्या." गाड्यांच्या सामानाच्या दुकानातून तिने तशीच देवी आणली. मुठीएवढी, सोनेरी, पायाखाली काळी गोल चकती. नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा झाल्यावर आई स्वतः केबिनमध्ये चढली आणि होकायंत्राच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर तिने देवी ठेवली. टक् आवाज झाला. आईने तिला हलवून बघितलं, मग मला हलवायला लावलं. निघेना.

"हितंच बरी," आई म्हणाली. "होका बघत बसंल. वाट चुकली तर तिला पयलं कळंल."

बाबा बाहेर दोर आवळत होते. ते हसले आणि म्हणाले, "आता माजा काय काम? मी झोपतो."

तो हंगाम उत्तम गेला. देवी एकदाही पडली नाही. आई बाजारात प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायची, इतकं की शेजारणी तिची नक्कल करायच्या. त्या हंगामात आमच्या घरी माझ्या परीक्षेखेरीज कसलीच चिंता नव्हती.

मग फेब्रुवारीत जीपीएस बंद पडलं. दुरुस्तीला पालघरला दिलं, आणि बाबा म्हणाले, आमचे म्हातारे काय जीपीएस घेऊन जात होते? होका आहे की. गेले. आणि परत आले ते डहाणूकडून, किनाऱ्या-किनाऱ्याने, खाली मान घालून. सरळ घराकडे निघालेली बोट धुक्यातून बाहेर आली ती भलत्याच किनाऱ्यावर, खडकांच्या इतक्या जवळ की खलाशांना बांबू टेकवून ती ढकलावी लागली. ज्या माणसाला डोळे मिटून दांडीची खाडी सापडायची, तो परक्या गावात विचारत होता, हे कुठलं गाव.

त्यानंतरच्या दिवसांत आमच्या घरावर अवकळा आली. बाबांनी होकायंत्र काढून घरी आणलं, ओट्यावर ठेवलं. काटा उत्तरेला. डबी फिरवली. काटा उत्तरेला. सगळं गाव येऊन बघून गेलं. खोट कशातच नाही. मग खोट कुणात? कुणी म्हणालं, तांडेलाची नजर गेली. कुणी म्हणालं, दर्यात काहीतरी अंगावरून गेलं असेल. जुना खलाशी दुसऱ्या बोटीवर गेला. रात्री जेवताना बाबांनी आईला विचारलं, "मी म्हातारा झालो काय ग?" आईने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. सकाळी होकायंत्र परत बसवताना तिने देवीसाठी वेणी दिली आणि बजावलं, "तिच्यावर भरोसा ठेवा." जीपीएस अजून पालघरलाच होतं, तरी बोट गेली. पाठोपाठ धुकं आलं.

तेव्हा आम्हाला विज्ञानाला केळव्याचे राऊत सर होते. पानवेलीची वाडी असलेले, बोलायला मऊ, शर्टाच्या खिशात नेहमी सुपारी. बोट गेल्याच्या चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी प्रात्यक्षिकाच्या सरावाला बसवलं. माझ्यापुढे बटणाएवढी चुंबकसूची. "आता पट्टीचुंबक हळूच जवळ आण," ते म्हणाले. मी आणला. टाचणीएवढा काटा, आपला निवांत उत्तरेकडे बघत बसलेला. तो थरथरला, आणि मग माझ्या हाताकडे वळला. मी चुंबक डावीकडे नेला, तो डावीकडे. उजवीकडे, उजवीकडे.

"सर, मी हात पण लावला नाही," मी म्हणाले.

"लावायला लागतच नाही," सर म्हणाले. "पृथ्वी लांबून ओढते. चुंबक जवळ आहे. जवळचा जिंकतो."

जवळचा जिंकतो. त्यानंतर ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. कानात फक्त तो आवाज, टक्. देवी पट्टीवर बसतानाचा.  मी उभी राहिले की पडले ते आठवत नाही, पण बाक पडला, ते आठवतं. मी सरांना काय सांगितलं तेही धड वाक्यांत नसणार. देवी, होका, बाबा, धुकं. सरांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी सूची आणि पट्टीचुंबक माझ्या मुठीत कोंबले आणि म्हणाले, "पळ!"

आई वलांडीपाशी बोंबील उलटवत होती. मी धापा टाकत म्हणाले, "आई, देवीनं होका फिरवलाय. वायरलेसवर सांग, देवीला काढा म्हणावं."

आईचा हात उठलेला मी बघितला. लागला नाही, मध्येच थांबला. "तुजा बाबा दर्यात हाय," ती दात आवळून म्हणाली, "आन तू देवीला काढायला सांगतेस? तोंड हाय की काय हाय?" शेजारच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. नवरा समुद्रात असताना घरातला दिवासुद्धा विझू देत नाहीत तिथे. मी काही समजावलं नाही. समजावायला मला तरी काय येत होतं? मी वाळूवर बसले, सूची ठेवली, आणि चुंबक जवळ नेला.

काटा वळला.

आई उभी होती ती खाली बसली. "परत कर," ती म्हणाली. मी परत केलं. मग तिने माझ्या हातातून चुंबक घेतला आणि स्वतः जवळ नेला, लांब नेला, जवळ नेला, लांब नेला. बोंबलाच्या ओलाव्याने चमकणारा तो हात, आणि त्याच्यामागे आज्ञाधारक पोरासारखा धावणारा तो काटा. मी माझ्या आईला घाबरलेली अनेकदा बघितली आहे, वादळात, आजारपणात. पण त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते भय नव्हतं. आपल्याच घरात परका माणूस उभा दिसावा तसं ती आपल्या हाताकडे बघत होती.

मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात वायरलेस होता. आई धावत गेली, मी मागे. त्या यंत्रावर बोललेलं समुद्रातल्या सगळ्या बोटी ऐकतात, आणि ऑफिसात तर अर्धं गाव जमलं होतं. खरखर, खरखर, आणि मग बाबांचा आवाज, लांबून, थकलेला.

"ऐकता काय?" आई म्हणाली. तिचा आवाज बाजारातला नव्हता. "होक्याच्या बाजूची देवी उचला."

"काय उचला?"

"देवी. मी ठेवलेली. हातात घ्या, पदरात, आपलं, टॉवेलात बांधा, आन पार मागं नेऊन ठेवा, जाल्यांवर."

"येडी झालीस काय?"

ऑफिसात कुणीतरी "हर हर" म्हणालं. आईने डोळे मिटले. "तिला आत कोंडून ठेवलाय तुमी," ती म्हणाली. "तिला बाहेर दर्या बघूंद्या. माजी शपत हाय. उचला."

खरखर. मग तीही बंद. यंत्राचा लाल दिवा तेवढा. आई यंत्राला कान लावून उभी होती आणि तिच्या कोपरावरून बोंबलाचं पाणी टेबलावर ठिबकत होतं.

मग एकदम, कानठळ्या बसतील असा, बाबांचा आवाज. "काटा फिरला! अग, काटा फिरला! मी देवी उचलली आन काटा गर्रकन फिरला!" मागून खलाशांची आरडाओरड. "आमी वर चाललेलो, पार उत्तरेला! घर उजव्या हाताला हाय!"

लोक ओरडायला लागले. कुणीतरी मला उचललं. दुपारी धुकं उठलं आणि संध्याकाळी बोट खाडीत आली, नाळीवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, टॉवेलाने बांधलेली देवी घेऊन. तिला दर्या दिसावा म्हणून बाबांनी तिला तिथे बांधलं होतं. उडी मारून ते चिखलात उतरले आणि आईकडे बघून हसले. तेव्हा आई म्हणाली, "मीच तुमाला फिरवत होते." बाबा म्हणाले, "आता तरी कबूल केलास." सगळे हसले. गावाला पुढची कितीतरी वर्षं पुरेल असा तो विनोद झाला. होळीच्या गाण्यातही कुणीतरी घातला. तांडेलीणबायनं तांडेल फिरवला. मी शिक्षिका झाले तेव्हाही तो सांगितला गेला, आणि माझ्या लग्नातही. मी स्वतः दर वर्षी वर्गात सांगते. मुलं हसतात आणि चुंबकीय क्षेत्र कधी विसरत नाहीत.

पट्टीचुंबकाचे दोन तुकडे केले तर उत्तर आणि दक्षिण वेगळे होत नाहीत, हे मी दर वर्षी शिकवते. प्रत्येक तुकड्याला पुन्हा दोन्ही टोकं असतात. कितीही तोडा. कुठल्याशा एका तुकड्यात नुसती ओढ आणि दुसऱ्यात नुसतं ढकलणं, असं मिळतच नाही. मला हे दर वर्षी चमत्कारिक वाटतं आणि दर वर्षी मी ते फळ्यावर लिहून पुढे जाते. आईने ती देवी किती मायेने ठेवली होती. त्याच मायेत तो टक् आवाज होता. हे वेगळं करून दाखवा म्हटलं तर कोण दाखवणार?

आता बाबा समुद्रात जात नाहीत, गुडघे गेले. होकायंत्र घरी फळीवर आहे. आई अजून बाजारात बसते, आणि बाजार आटोपला की मला तळलेल्या मांदेलीचा डबा द्यायला शाळेच्या फाटकाशी येते. गेल्या आठवड्यात आली तेव्हा मी प्रात्यक्षिकात अडकले होते. शिपायाने तिला वर पाठवलं. मला दिसली ती प्रयोगशाळेच्या दारात, उंबऱ्याबाहेर, डबा छातीशी धरून.

"आत ये ना," मी म्हणाले.

"नको. तू ये."

"अग ये, मुलं खात नाहीत तुला."

"नको बाय," ती हळूच म्हणाली. "पोरांची परीक्षा हाय. माज्यानं काटा हलंल."

मला वाटलं, मस्करी करते आहे. हसायला तोंड उघडलं, आणि तिचा चेहरा बघून ते तसंच राहिलं. आणि मग एकामागून एक गोष्टी माझ्या अंगावर आल्या. त्या होळीनंतर आई कधी बोटीवर चढली नाही. पूजेचं ताट ती खालूनच वर द्यायची. बाबांची बोट निघताना सगळ्या बायका पाण्यात गुडघाभर उतरायच्या, आई मागे वलांडीपाशी उभी राहायची, आणि मला वाटायचं तिला ओल्या पायांचा कंटाळा आहे. घरातल्या सगळ्या फळ्या ती पुसते, होकायंत्राची फळी बाबा पुसतात. मला वाटायचं, बाबांचा जीव आहे त्याच्यावर. इतकी वर्षं. सगळं गाव हसत होतं, मी वर्गावर्गात हसवत होते, आणि ही बाई आपल्या हातांना लांब ठेवून जगत होती. पृथ्वीच्या पोटातून येणारी ओढ मी ह्या मुलांना शिकवते, आणि माझ्या आईच्या हाताला बसलेला हिसका मला कळला नव्हता. मी हादरले. सूची वळताना ओरडणाऱ्या त्या पोरीपेक्षा जास्त.

मी उंबऱ्यापर्यंत गेले, डबा घेतला, बाकावर ठेवला, आणि आईचं मनगट धरून तिला आत आणलं. ती अंग चोरत आली. मुलं बाजूला सरली. टेबलावर चुंबकसूची होती. पट्टीचुंबक मी दूर खिडकीत नेऊन ठेवले. मग तिचा हात सूचीजवळ आणला. तिने तो मागे ओढला. मी पुन्हा आणला. मासे साफ करून करून चिरा पडलेली बोटं, त्यांच्यात अजून थोडं मीठ. सूचीच्या अगदी काचेपाशी.

काटा उत्तरेला.

आई श्वास रोखून बघत राहिली. मी म्हणाले, "बघ. तुझ्यात काही नाही."

तिने मान हलवली. "ह्यो डावा हाय," ती म्हणाली. आणि तिने तो हात बाजूला घेतला, उजवा पदराला नीट पुसला, थांबली, आणि मग अगदी हळू, झोपलेल्या बाळाजवळ न्यावा तसा, तो पुढे आणला. "देवी ह्यानं ठेवलेली."

काटा जागचा हलला नाही.

तिने तो हात बराच वेळ तिथेच ठेवला.